वांग्यावर काकवी: मालागात पाच महिने खाताना-पिताना

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मालागा शहरात नुसतं 'एक कॉफी द्या' म्हणून भागत नाही. पहिल्याच सकाळी ऑफिसच्या बसच्या आधी मी कोपऱ्यावरच्या बारमध्ये शिरले (तिकडे बार म्हणजे सकाळी सातला उघडणारं, कॉफीपासून नाश्ता, बिअर, जेवण सगळं देणारं गल्लीतलं दुकान, आजी-आजोबा, शाळेची पोरं सगळे येतात) आणि 'ऊन काफे' म्हटलं, तर काउंटरमागच्या बाई थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या टाइल्सकडे हात केला. टाइल्सवर काचेचे ग्लास ओळीने काढलेले, प्रत्येकात कॉफी किती आणि दूध किती ते रंगवलेलं, खाली नावं. सोलो म्हणजे नुसती कॉफी, लार्गो, सेमी लार्गो, सोलो कोर्तो, मग मिताद म्हणजे अर्धी-अर्धी, एंत्रे कोर्तो, कोर्तो, सोम्ब्रा म्हणजे सावली, नुबे म्हणजे ढग, आणि शेवटचा ग्लास रिकामा, त्याचं नाव 'नो मे लो पोंगा', मला देऊच नका.

ही भानगड सुरू झाली काफे सेंत्रालमध्ये, प्लाझा दे ला कोन्स्तितुसिओनवर. मालक होसे प्रादो क्रेस्पो, साल १९५४. यादवी युद्धानंतरची वर्षं, कॉफी महाग, आणि गिऱ्हाईक 'थोडी जास्त घाला, थोडं दूध कमी करा' करत परत पाठवणार, कॉफी वाया जाणार. म्हणून त्यांनी मापं ठरवली, मापांना नावं दिली आणि टाइल्सवर रंगवून भिंतीला लावली. ते कॅफे २०२२ च्या जानेवारीत बंद झालं, मी गेले तेव्हा दार लागलेलंच होतं, पण नावं अख्ख्या शहराची झालीत. माद्रिदला जाऊन सोम्ब्रा मागितली तर कुणाला कळत नाही असं ऑफिसातले लोक अभिमानाने सांगायचे. मला हे फार लवकर पटलं कारण आपल्याकडे कटिंग म्हटलं की टपरीवाल्याला जे कळतं ते बाहेरच्याला समजावता समजावता नाकी नऊ येतात ना, तसंच हे. मी दोन आठवडे सगळे ग्लास करून बघितले आणि सकाळी मिताद, दुपारी सोम्ब्रा यावर स्थिरावले. नुबे म्हणजे गरम दुधात कॉफीचा जेमतेम रंग, लहानपणी आजी आम्हाला द्यायची तशी, ती मी आजारी पडले तेव्हा प्यायले.

मी मूळची वेंगुर्ल्याची, नोकरी पुण्यात, कंपनीने एप्रिल ते सप्टेंबर मालागाच्या ऑफिसात पाठवलं. राहायला एल पालोमध्ये एका सत्तरीच्या बाईंच्या घरात खोली मिळाली. एल पालो म्हणजे शहराच्या पूर्वेला, जुनी मच्छीमारांची वस्ती, बुटकी घरं, समोर समुद्र. बाईंचा नवरा बोटीवर असायचा, आता नाही. त्यांना इंग्लिश शून्य, माझं स्पॅनिश ॲपवर तीन महिने शिकलेलं, म्हणजे मालागाच्या बोलण्यापुढे तेही शून्यच, कारण तिकडे शब्दाचा शेवट खाऊन टाकतात, 'पेस्कादो'चं 'पेस्काओ' आणि 'पेस्कादीतो'चं 'पेस्काइतो'. मी जे काही शिकले त्यातलं अर्धं या बाईंनी शिकवलं, म्हणून त्यांचं नाव इथे घेत नसले तरी त्यांची आठवण प्रत्येक ओळीत आहे.

सगळ्यात आधी बदलावं लागलं ते घड्याळ. पहिल्या शनिवारी मी संध्याकाळी साडेसातला भूक लागली म्हणून सेंटरमध्ये गेले आणि जिथे दारातच फोटोवालं मेनूकार्ड धरून माणूस उभा होता तिथे बसले. पाएया मागवला. पिवळाधमक भात आला, मधोमध एक कोळंबी, भात मऊ आणि काठाला थंड. घरी आल्यावर बाईंनी विचारलं कुठे जेवलीस, मी सांगितलं, त्यांनी डोक्यालाच हात लावला. एक तर भात रात्रीचा खायचाच नाही, तो रविवारी दुपारी, सगळं घर जमल्यावर. दुसरं म्हणजे साडेसातला कोण जेवतं. तिसरं, ज्याच्या दारात फोटो लावलेत तिथे आत जायचं नाही. हे तिन्ही मी पुढे कधी मोडलं नाही.

वेळा अशा: सकाळी घरी नुसती कॉफी, दहा-साडेदहाला ऑफिसातून खाली उतरून बारमध्ये खरा नाश्ता, अडीच ते साडेतीन मुख्य जेवण, सहा-सातला काहीतरी गोड आणि कॉफी, आणि रात्री साडेनऊ-दहाला हलकं खाणं. स्पेनने १९४० साली घड्याळं जर्मनीच्या वेळेला जुळवली आणि ती मागे घेतलीच नाहीत, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या मागे चालतो, जूनच्या शेवटी मालागात सूर्यास्त साडेनऊच्या पुढे होतो. म्हणजे दहाला जेवणारा माणूस आपल्या आठ वाजताच्या उजेडातच जेवत असतो. हे समजल्यावर मला त्या वेळांचा त्रास व्हायचा थांबला. पण शरीराला तीन आठवडे लागले, दुपारी साडेबाराला पोटात जी आग पडायची ती दहाच्या नाश्त्याला चांगलं खायला लागल्यावरच शमली.

तो नाश्ता म्हणजे पितुफो. पितुफो म्हणजे स्पॅनिशमध्ये स्मर्फ, ते निळे बुटके कार्टूनवाले, आणि मालागात त्याच नावाने छोटा पाव ओळखतात. भाजून आणतात, वर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह ऑईल, मीठ, झालं. तेलाची बाटली टेबलावरच असते आणि ते तेल पावात मुरेपर्यंत ओततात, आपण गरम भातावर तूप सोडतो तसं सढळ हाताने. पहिल्या दिवशी मी दोन थेंब घातले तर शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने बाटली घेऊन माझ्या पावावर धरली. असं नको, अजून, अजून. पितुफो मिक्स्तो म्हणजे हॅम-चीज, आणि काही लोक मांतेका कोलोरा लावतात, पापरिका घातलेली तांबडी डुकराची चरबी, ती मला झेपली नाही. दुसरा पाव मोयेते, आंतेकेरा गावचा, मऊ, चपटा, वर पीठ भुरभुरलेला. हातात घेतल्या घेतल्या मला आपल्या गावच्या बेकरीतला पाव आठवला आणि पुढचे पाच महिने मी बहुतेक मोयेतेच मागवला. रविवारी सकाळी तेखेरिंगोस, म्हणजे मालागाचे चुरोस, पिठाचे तळलेले, वेटोळी घातलेले, कासा आरांदामध्ये, जे १९३२ पासून एकाच गल्लीत आहे आणि हळूहळू त्या गल्लीतली शेजारची दुकानं घेत वाढलंय. घट्ट चॉकलेटमध्ये बुडवून खायचे. आठवड्यातून एकदाच, त्याच्यावर नको.

मागायचं कसं हे वेगळंच शिकावं लागलं. मी ॲपमधलं सभ्य वाक्य म्हणायचे, मला कृपया एक कॉफी मिळू शकेल का, आणि तोवर मागचा माणूस 'पोन्मे ऊन मिताद' म्हणून कॉफी घेऊन जायचा. पोन्मे म्हणजे 'मला घाल', 'मला दे'. उद्धट वाटतं पण नाहीये, आपण 'दादा एक वडापाव द्या' म्हणतो त्यात कुठे कृपया असतं. सभ्यपणा आत शिरताना मोठ्याने 'बुएनास' म्हणण्यात असतो, सगळ्यांना मिळून, आणि निघताना 'आस्ता लुएगो' म्हणण्यात. बिल मागताना 'कुआंदो पुएदास', जमेल तेव्हा. तुम्ही मागितल्याशिवाय बिल येतच नाही, तुम्हाला उठवायला कुणी बघत नाही, जेवण संपल्यावर तासभर बोलत बसायला तर त्यांच्याकडे शब्दच आहे, सोब्रेमेसा. आणि पैसे वाटून द्यायची पद्धत फार नाही, एकजण हा राऊंड देतो, दुसरा पुढचा देतो. मी पहिल्यांदा माझा हिस्सा काढून दिला तर टेबलावर जरा अवघड शांतता झाली, मग मी पुढच्या बारमध्ये आधीच जाऊन सगळ्यांचे पैसे दिले आणि तेव्हा गाडी रुळावर आली.

बिअर प्यायची तर कान्या. कान्या म्हणजे छोटा ग्लास, साधारण २०० मिली, कारण उन्हात मोठा ग्लास संपेपर्यंत गरम होतो. गावची बिअर विक्टोरिया, १९२८ ची, आणि तिचं नाव मालागाच्या ग्रामदेवतेवरून, विर्खेन दे ला विक्टोरिया. आता गंमत बघा, काही दिवसांनी समुद्रावर मासे भाजायची काडी बघितली, तिला काय म्हणतात विचारलं, कान्या. बोरू असतो ना, नदीकाठचा, तो. आणि मग वांग्यावर घालायची ती मिएल दे कान्या, तिथे कान्या म्हणजे ऊस. एकाच शब्दात बिअरचा ग्लास, बोरू आणि ऊस, आणि या तीन गोष्टींवर मालागाचं अर्धं खाणं उभं आहे.

त्या वांग्याचं सांगतेच. बेरेनखेनास कोन मिएल दे कान्या. वांग्याचे काप, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, आणि वरून काळपट घट्ट पाक. मला वाटलं मध, कारण नावात मिएल आहे. जिभेवर ठेवलं आणि माझे डोळेच भरून आले, काकवी होती हो. हुबेहूब आपली काकवी, तोच किंचित कडसर गोडवा, आजोळी घावनाबरोबर खायचो ती. मालागाच्या किनाऱ्यावर ऊस आणला अरबांनी, मग शतकानुशतकं तिथे उसाची शेती आणि साखरेचे कारखाने होते, आता शेती जवळजवळ संपली, पण फ्रिखिलियाना नावाच्या पांढऱ्या डोंगरी गावात काकवीचा एक कारखाना अजून चालू आहे, त्याला एल इंखेनियो म्हणतात आणि युरोपच्या मुख्य भूमीवर काकवी बनवणारा तो शेवटचाच. मी एका शनिवारी बसने नेरखा आणि तिथून फ्रिखिलियाना अशी गेले, दोन बाटल्या आणल्या, एक बाईंना आणि एक घरी. आपण वांग्याचे काप करतो, आपल्याकडे काकवी आहे, दोन्ही एकत्र करायचं सुचलं कसं नाही मला कळत नाही, तुम्ही करून बघा, काप रव्याऐवजी नुसत्या पिठात घोळवायचे आणि पाक खायच्या क्षणी घालायचा, आधी घातला की काप लोळागोळा होतात.

पुण्याचा एक सहकारी माझ्या आधी तिथे होता, पक्का शाकाहारी, त्याचे हाल मी बघितले म्हणून शाकाहारींसाठी हे लिहून ठेवते. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको असं म्हटलं तरी हॅम येतं, कारण कार्ने म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर हॅम येत नाही, आणि ट्यूना तर नाहीच नाही. एंसालादिया म्हणजे बटाट्याचं मेयोनीजवालं सॅलड, त्यात ट्यूना असतो. पोर्रा आंतेकेराना, टोमॅटो आणि पावाची थंडगार घट्ट चटणीसारखी, अप्रतिम प्रकार, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे पसरतात. म्हणून स्पष्ट म्हणायचं, 'सिन खामोन' (हॅम नको), 'सिन आतून' (ट्यूना नको). वांगी ज्या तेलात तळतात त्यातच मासे तळतात का हे ज्याला चालत नाही त्याने आधी विचारावं.

बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे आखोब्लांको. बदाम, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह ऑईल, व्हिनेगर आणि पाणी, वाटून गाळून थंड करायचं, पांढरंशुभ्र होतं, वर मोस्कातेल द्राक्षं सोडतात. बाईंनी जूनमध्ये पहिल्यांदा केलं, मी एक घोट घेतला आणि त्यांना म्हटलं आमच्याकडे हे नारळाचं करतात. सोलकढी समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, कोकम दाखवायला फोन काढला, पण नारळाचं दूध आणि लसूण म्हटल्यावर त्यांना बरोबर कळलं. उन्हातून आल्यावर जेवणाआधी का जेवणानंतर यावर मात्र आमचं एकमत झालं नाही, त्यांचं आधी, माझं भाताबरोबर आणि शेवटी.

आता मासे. मालागाच्या लोकांना बाकीचे स्पॅनिश 'बोकेरोनेस' म्हणतात, बोकेरोन म्हणजे तो छोटा चंदेरी अँकोव्ही मासा, आपल्या मांदेलीचा चुलतभाऊ म्हणा. तळलेले बोकेरोनेस पाच-पाच मासे शेपटीशी चिकटवून पंख्यासारखे तळतात, त्याला मानोखीतो म्हणतात, जुडी. बाहेर पीठ नावाला, मसाला नाही, नुसतं मीठ. कासोन एन आदोबो हा दुसरा प्रकार, कासोन म्हणजे छोटा शार्क, आपली मोरी, तिचे तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरं, ओरेगानो आणि पापरिकात मुरवून तळतात. मोरीचं मटण खाऊन वाढलेली मी, मोरी तळून पहिल्यांदाच खाल्ली आणि त्यात जिऱ्याचा वास आला तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं.

मासे तापा, मेदिया रासिओन आणि रासिओन अशा तीन मापांत मिळतात, म्हणजे चव, अर्धी प्लेट, अख्खी प्लेट. एकटीने रासिओन मागवायची नाही, मी मागवली होती आणि समोर एवढी परात आली की बाजूच्या टेबलवाल्यांना देऊन संपवली, त्यातून त्यांच्याशी ओळख झाली ते सोडा. दोघांत दोन-तीन मेदिया बरोबर होतात. आणि जवळच्या ग्रानादा शहरासारखं ड्रिंकबरोबर तापा फुकट येईल अशी आशा मालागात ठेवू नका, आला तर दोन-चार ऑलिव्ह येतात.

बाजाराला बाई मला शनिवारी न्यायच्या, सेंटरला आताराथानास मार्केटात. नाव अरबी, जहाजबांधणीची गोदी, पूर्वी समुद्र तिथपर्यंत होता. चौदाव्या शतकातली संगमरवरी नालेच्या आकाराची कमान तेवढी उरलीय, तिच्यातून आत शिरलं की १८७९ मध्ये पूर्ण झालेला लोखंडी मंडप आणि मागे रंगीत काचांची भलीमोठी भिंत. तिथे रांग दिसत नाही. लोक कसेही उभे. पण रांग असते. आल्या आल्या मोठ्याने विचारायचं, 'किएन एस एल उल्तिमो', शेवटचा कोण, कुणीतरी हात करतं, की तुमचा नंबर त्याच्या मागे, मग तुम्ही खुशाल लिंबं बघत फिरा. हे कळेपर्यंत मी दोनदा वीस-वीस मिनिटं उभी राहून तशीच परतले होते. सोमवारी मासे घ्यायचे नाहीत कारण रविवारी बोटी गेलेल्या नसतात, वेंगुर्ल्याला आई जसं वादळानंतर दोन दिवस मासे घेत नाही तसं. एकदा एका बारमध्ये वेटरने हळूच कानाशी येऊन चांकेते देऊ का असं विचारलं, चांकेते म्हणजे काचेसारखे पारदर्शक इवलेसे मासे, त्यांची मासेमारी बंद आहे कारण त्या नावाखाली बाकी माशांची पिल्लंच उपसली जायची. बाई एवढ्या चिडल्या की उठून बाहेरच पडल्या. त्यांच्या नवऱ्याचं पोट त्या समुद्रावर चाललेलं.

घरी त्या बोकेरोनेस व्हिनेगरमध्ये करायच्या. मासे उघडून काटा काढायचा, हे त्या अंगठ्याने एका झटक्यात करत, मला महिना लागला. मिठाच्या पाण्यात धुवायचे, रक्त गेलं पाहिजे, मग व्हिनेगरमध्ये पांढरे होईपर्यंत, मग काढून ऑलिव्ह ऑईल, लसूण, पार्सली. यात मासा चुलीवर चढतच नाही, म्हणून आनिसाकिस नावाच्या जंताच्या भीतीने उणे २० अंशाला पाच दिवस फ्रीझ केल्याशिवाय खायचे नाहीत. त्यांच्या फ्रीझरच्या डब्यावर तारीख लिहिलेली चिकटपट्टी असायची आणि चौथ्या दिवशी मी कितीही मागे लागले तरी डबा उघडायचा नाही.

पण एल पालोचं, आणि शेजारच्या पेद्रेगालेखोचं, खरं वैभव म्हणजे एस्पेतो. वाळूवर जुनी लाकडी होडी ठेवलेली, तिच्यात वाळू भरलेली, वाळूवर ऑलिव्हच्या लाकडांचा विस्तव, आणि विस्तवाच्या बाजूने, वर नाही, बाजूने, वाळूत तिरक्या रोवलेल्या काड्या, प्रत्येक काडीला पाच-सहा सार्डिन ओवलेल्या. एस्पेतेरो म्हणजे हे करणारा माणूस, त्याचा हा पेशाच असतो, उन्हाळाभर त्या धगीपुढे उभा. मी फोनवर व्हिडिओ आईला दाखवला, आई म्हणाली, 'अगो, म्हणजे ते तारलेच मगे!' तारलेच. आपल्याकडे ज्या माशाला पाहुण्यांच्या ताटात जागा नाही, स्वस्त म्हणून कालवणात जातो, त्याला तिकडे शहराची ओळख करून ठेवलंय.

मी एका एस्पेतेरोच्या बाजूला कितीतरी संध्याकाळी उभी राहिले, गिऱ्हाईक कमी असताना, आणि त्याने मला दाखवलं. मासा साफ करायचा नाही, पोट फाडायचं नाही, खवलं काढायची नाहीत, नुसता धुवायचा, कारण आतली चरबीच त्याला भाजते. काडी पोटाच्या बाजूने शिरते आणि पाठीच्या कण्याच्या खालून जाऊन बाहेर येते, म्हणजे कणा काडीवर टेकतो आणि मासा भाजून मऊ झाला तरी तुटून पडत नाही. जाडं मीठ भरपूर. आणि सगळ्यात महत्त्वाचं वारा. काडी वारा येतो त्या बाजूला रोवायची, म्हणजे धूर आणि ज्वाळा माशापासून लांब जातात आणि माशाला फक्त धग लागते. दुपारी वारा बदलला की तो सगळ्या काड्या उपटून होडीच्या दुसऱ्या बाजूला लावायचा. होडी वाळूत मोकळी का ठेवतात हेही तेव्हाच कळलं, पूर्वी वाऱ्याप्रमाणे होडीच फिरवायचे.

खायचं हाताने. याचीही एक गोष्ट तिथे सगळे सांगतात, १८८४ च्या नाताळच्या दिवशी मोठा भूकंप झाला आणि पुढच्या महिन्यात राजा बारावा अल्फोन्सो हाल बघायला आला, तेव्हा एल पालोच्या मिगेल नावाच्या खानावळवाल्याने त्याच्यापुढे सार्डिन ठेवल्या, राजा काटा-चमचा घेऊन बसला तर हा म्हणाला, महाराज असं नाही, बोटांनी. खरंखोटं तो समुद्र जाणे, पण मी तिथे सार्डिनला सुरी लावलेली कुणाला बघितलं नाही. सार्डिन खायच्या मे ते ऑगस्ट, ज्या महिन्यांच्या स्पॅनिश नावात 'र' नाही त्या महिन्यांत, कारण तेव्हा त्या चरबीने भरलेल्या असतात. एप्रिलच्या शेवटी मी खाल्ली ती बरी होती. जुलैमध्ये खाल्ली तिची चरबी मनगटापर्यंत ओघळली.

जुलैच्या १६ तारखेला विर्खेन देल कार्मेनचा सण, कोळ्यांची देवी. एल पालोत बाईंच्या दारावरून पालखी गेली, खलाशांच्या वेषातली माणसं देवीला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरली, होडीत बसवली, बाकीच्या होड्या मागे. मला नारळी पौर्णिमेशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. त्या रात्री बाईंनी घरात कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, मोठमोठे ताटभर बोकेरोनेस, कलिंगड, आणि तिंतो दे वेरानो, म्हणजे रेड वाइनमध्ये लिंबाचा सोडा आणि बर्फ. सांग्रिया मी पाच महिन्यांत मालागाच्या एकाही माणसाला पिताना बघितली नाही.

वाइनचं सांगायचं तर मालागाची वाइन गोड, वाळवलेल्या द्राक्षांची, पेद्रो खिमेनेस आणि मोस्कातेल या जातींच्या. एकेकाळी जगभर जायची, मग १८७८ मध्ये द्राक्षवेली मारणारी फिलोक्सेराची कीड स्पेनमध्ये पहिल्यांदा इथेच आली आणि डोंगरच्या डोंगर ओसाड झाले. आजही मालागाच्या पूर्वेकडच्या आक्सारकिया भागातल्या उतारांवर मनुका उन्हात हाताने वाळवतात. ती वाइन प्यायची आंतिग्वा कासा दे ग्वार्दियामध्ये, अलामेदावर, १८४० पासूनचं दुकान. खुर्च्या नाहीत. लाकडी पिंपांची रांग, पिंपावर खडूने नाव, तोटीतून ग्लासात, आणि तुमचा हिशेब तुमच्या समोर लाकडी काउंटरवर खडूने लिहितात, पैसे दिले की ओल्या फडक्याने पुसतात. बरोबर कोंचा फिना, मोठा गुळगुळीत शिंपला, कच्चाच, लिंबू-मिरी घालून. तिसऱ्या शिजवून खाणाऱ्या मला पहिला गिळायला धीर लागला, दुसरा मी स्वतः मागितला. ग्लास छोटा असतो आणि वाइन गोड असते म्हणून कळत नाही, दोनच्या वर जाऊ नका, आणि ऑगस्टच्या फेरियात तर अजिबात नाही. फेरिया म्हणजे १४८७ च्या ऑगस्टमध्ये फर्नांदो आणि इसाबेल या राजा-राणीने शहर जिंकून प्रवेश केला त्याची जत्रा, आठवडाभर भर उन्हात रस्त्यावर नाच आणि हातात बर्फासारखी थंड कार्तोखाल नावाची मोस्कातेलची वाइन. मी दोन दिवस गेले, दोन्ही दिवस मजा आली, तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून नुबे घेऊन पडून राहिले, वर उल्लेख केला तो आजार हाच.

सप्टेंबरच्या मध्यात परत आले. ऑक्टोबरात वेंगुर्ल्याला गेले तेव्हा तारले नुकतेच चांगले यायला लागले होते, पावसाळ्यानंतरचे, भरलेले. बोरू मिळाला नाही, काकाने बांबूच्या कामट्या तासून दिल्या. वाळूत खड्डा केला, करवंट्या आणि काजूची लाकडं पेटवली. पहिल्या वेळी मी कामटी कण्याच्या वरून घातली आणि अर्धे मासे विस्तवात गेले, शिवाय कामट्या कोरड्या होत्या त्या जळल्या. दुसऱ्या वेळी कामट्या तासभर पाण्यात भिजवल्या, कण्याच्या खालून ओवलं, पण धूर सगळा माशांवर यायला लागला, मी वारा बघितलाच नव्हता. आईने काही न विचारता कामट्या उपटल्या आणि पलीकडच्या बाजूला रोवल्या.

नुसतं मीठ लावलेला मासा कोण खाणार म्हणून काकाने अर्ध्या माशांना मालवणी मसाला चोळला होता. दोन ताटं केली. मसाल्याचं ताट आधी संपलं, मग मिठाचं उचललं गेलं आणि आई म्हणाली, उद्या तारले घेताना थोडे जास्त घेऊया, आणि तो तुझा काकवीचा शिसो पण काढ.